वर्षभर एकच प्रोग्राम, तोही आपल्याच बागेचा

पत्र: ताई, मी पिंपळगाव बसवंतच्या पुढच्या एका गावातून लिहितेय. बारावी सायन्स झाली आणि नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूच्या एका कॉलेजात बीएस्सी कम्प्युटर सायन्सला ॲडमिशन मिळाली. दहावीपर्यंत मराठी मीडियम. रोज एसटीनं अप-डाऊन करणार, जाऊन-येऊन तीन तास जातात. चुलतभाऊ म्हणतो पहिल्याच वर्षात पायथन, जावा, वेबसाइट सगळं उरकून टाक, नाहीतर मागं पडशील. कॉलेज रोडचा एक क्लास चाळीस हजार मागतोय. पप्पा पतसंस्थेतून कर्ज काढून पंचाहत्तर हजारांचा लॅपटॉप घ्यायला निघालेत. आणि शेजारचे काका म्हणतात की एआय आलं, आता कोडिंग शिकून काय करणार. मी वहीत वर्षाचा प्लॅन लिहायला बसले तर सतरा गोष्टी झाल्या. घरी साडेतीन एकर द्राक्षबाग आहे, सीझनला मलापण बागेत जावं लागतं. कुठून सुरू करू? — निफाड तालुक्यातली एक विद्यार्थिनी

उत्तर:

अगं, पहिल्यांदा मनापासून अभिनंदन. आणि ती सतरा गोष्टींची वही फेकू नकोस, पण मिटून ठेव, कारण त्यातल्या बारा-तेरा गोष्टी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या आहेत आणि आत्ता त्या नुसत्या डोक्यावर बसून राहतील.

मी पण नाशिकलाच बीएस्सी कम्प्युटर केलं, नंतर एमसीए, आणि आता बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्येच काम करतेय. पहिल्या वर्षाला मी तुझ्या चुलतभावाच्या सल्ल्याप्रमाणेच वागले होते. एका क्लासला पैसे भरले, सहा महिन्यांत तीन भाषा 'कव्हर' झाल्या, सर्टिफिकेट मिळालं, आणि त्याच वर्षी गणितात एटीकेटी लागली, कारण संध्याकाळ क्लासमध्ये जायची आणि कॉलेजचं गणित तसंच पडून राहायचं. तीन भाषांमधली एकही धड येत नव्हती. रिकाम्या स्क्रीनसमोर बसवलं तर पाच आकड्यांतला मोठा आकडा शोधायचा प्रोग्राम मला लिहिता आला नसता. ते आईवडिलांचे पैसे होते, आठवलं की अजून वाईट वाटतं. म्हणून तुला कळकळीनं सांगते, पहिल्या वर्षात एक भाषा, एक प्रोग्राम आणि गणित, एवढंच पक्कं कर.

भाषा म्हणजे सी. तुमच्या प्रॅक्टिकलला बहुतेक सीच असणार, आणि ती जुनी आहे म्हणून नाक मुरडू नकोस. १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी ती बनवली आणि आजही लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा मुख्यतः सीमध्येच लिहिलेला आहे. सीमध्ये मेमरी कुठं आहे, किती आहे, कुणाच्या ताब्यात आहे हे सगळं तुलाच बघावं लागतं, आणि एकदा ते कळलं की पायथन पंधरा-वीस दिवसांत हाताशी येतं. उलटं केलं तर जास्त जड जातं, असा माझा अनुभव आहे.

आता एक प्रोग्राम म्हणजे काय ते नीट ऐक, कारण माझं खरं सांगणं इथंच आहे. पुस्तकातले फॅक्टोरियल, पॅलिंड्रोम, चांदण्यांचा त्रिकोण हे सगळं जर्नलसाठी करायचंच आहे ते कर, पण त्याच्या शेजारी वर्षभर एकच स्वतःचा प्रोग्राम वाढवत ने, तुमच्या बागेचा हिशोब. पप्पा आत्ता तो वहीत ठेवत असतील, कुठल्या दिवशी किती क्रेट गेले, किती किलो भरलं, काय भाव लागला, व्यापाऱ्यानं किती दिले, किती बाकी. हा हिशोब तुला तोंडपाठ आहे, म्हणजे प्रोग्राम चुकला की तुला सरांना न विचारता कळेल की उत्तर चुकलंय. शिकणाऱ्याकडं ही फार मोठी गोष्ट असते बघ. परक्या उदाहरणात आपण चुकीच्या उत्तरावर पण समाधान मानून पुढं जातो.

पहिल्या महिन्यात फक्त एवढंच कर की पाच क्रेटची वजनं विचारायची, बेरीज आणि सरासरी दाखवायची. इथंच सी तुला पहिला धक्का देईल. दोन क्रेटची सरासरी काढ, पूर्णांक प्रकारात ७ भागिले २ केलं की ३.५ येत नाही, ३ येतं, अपूर्णांक सरळ कापला जातो. मग तू म्हणशील की फ्लोट, म्हणजे अपूर्णांक ठेवणारा प्रकार, वापरते, आणि थोड्या दिवसांनी पैशांच्या बेरजेत दुसरा धक्का बसेल, कारण ०.१ ही साधी संख्या बायनरीत पूर्ण लिहिताच येत नाही, जशी एक तृतीयांश आपल्याला दशांशात ०.३३३ अशी लिहीतच राहावी लागते. म्हणून रक्कम नेहमी पैशांत ठेवायची, रुपयांत नाही, म्हणजे १२५ रुपये ५० पैसे हे १२५५० असे. पण मग तिसरी अडचण येते की साध्या इंटमध्ये, म्हणजे नेहमीच्या पूर्णांक प्रकारात, सर्वात मोठा आकडा २१४७४८३६४७, म्हणजे पैशांत धरलं तर सुमारे दोन कोटी चौदा लाख रुपये. तुमच्या बागेला पुरेल, पण सोसायटीच्या सगळ्या शेतकऱ्यांचा हिशोब घातला तर पुरणार नाही, तिथं लाँग लाँग हा मोठा पूर्णांक प्रकार लागेल. बघ, द्राक्षाच्या एका हिशोबात डेटा टाइपचा आख्खा चॅप्टर आला आणि तो आता परीक्षेत विसरायचा म्हटलं तरी विसरणार नाहीस.

पुढं ॲरे, म्हणजे आकड्यांच्या घरांची रांग, आला की तीस दिवसांचे क्रेट एका ॲरेत ठेव, आणि लक्षात ठेव की मोजणी शून्यापासून, तिसावा दिवस म्हणजे २९ नंबरचं घर. ३० नंबरला हात घातलास तर सी तुला अडवणार नाही, शेजारच्या मेमरीतलं काहीबाही उचलून देईल. फंक्शन आले की बेरजेचं वेगळं, येणं-बाकी काढायचं वेगळं. स्ट्रक्चर आले की एका व्यवहारात तारीख, व्यापारी, किलो, भाव सगळं एकत्र. फाइल आली की प्रोग्राम बंद केल्यावरही हिशोब जागेवर राहील, आणि तो दिवस तुला फार आवडेल. कॉलेजच्या सिलॅबसप्रमाणे क्रम थोडा मागंपुढं होईल, काही हरकत नाही.

डेटाबेस हा विषय असेल तर तोच हिशोब तिकडंही ने. व्यापाऱ्यांचा एक टेबल, मालाचा दुसरा, आणि दुसऱ्यात व्यापाऱ्याचं आख्खं नाव-गाव परत परत न लिहिता फक्त त्याचा नंबर. असं का करायचं हे एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलपासून चालत आलंय, सर शिकवतील. पण वहीत एकाच व्यापाऱ्याचं नाव तीन पद्धतीनं लिहिलं गेलं की बाकी जुळवताना काय होतं हे तुझ्या आईला आधीच माहीत असणार, तिलाच विचार.

अभ्यास करायची पद्धत पण सांगते, कारण मराठी मीडियमच्या मुलींना वाटतं की आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून कोडिंग जमत नाही आणि ते तसं नसतं. प्रोग्राम आधी कागदावर लिही, मग ड्राय रन कर. म्हणजे वहीत प्रत्येक व्हेरिएबलचा एक कॉलम आखायचा आणि एकेक ओळ चालवत त्याखाली किमती लिहीत जायच्या, जसा आपण बेरजेत हातचा लिहून ठेवतो तसं. लूप तीनदा हातानं फिरवलास की तो कुठं अडकतो ते दिसतं. मग टाइप कर, कॉपी-पेस्ट नाही. आणि एरर आली की घाबरून डिलीट करायचं नाही, ती मोठ्यानं वाचायची आणि एका वेगळ्या वहीत लिहायची, डावीकडं एरर आणि उजवीकडं आपल्या भाषेत ती का आली ते. 'एक्स्पेक्टेड सेमीकोलन', 'अनडिक्लेअर्ड', 'सेगमेंटेशन फॉल्ट' असे शब्द सुरुवातीला पुन्हा पुन्हा तेच येतात. दिवाळीपर्यंत वहीत चाळीसेक नोंदी झाल्या तर तुझं कामापुरतं इंग्रजी तयार झालंच समज.

एक काळजी घे. यूट्यूबवर सीचे खूप व्हिडिओ अजून टर्बो सी या निळ्या स्क्रीनच्या जुन्या सॉफ्टवेअरवर आहेत, त्यात क्लिअर-स्क्रीनची वेगळी ओळ टाकतात, कोनिओची हेडर फाइल टाकतात, आणि तिथला इंट फक्त दोन बाइटचा, म्हणजे ३२७६७ च्या वर गेला की आकडा बिघडला. तू जीसीसी हा कंपायलर (सीचा कोड मशीनला चालेल असा करून देणारं सॉफ्टवेअर) वापर, लॅबमधल्या लिनक्सवर बहुतेक असतोच. मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर सी आणि लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत, फुकट. नंतर सवय झाली की हार्वर्डचा सीएस५० कोर्स पण फुकट बघता येतो आणि त्यातपण सुरुवातीचे बरेच आठवडे सीच शिकवतात. यातला एका वेळी एकच धर, दहा प्लेलिस्ट सेव्ह करून ठेवल्यानं अभ्यास झाल्यासारखं वाटतं आणि होत काहीच नाही.

आता गणित. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त दुर्लक्ष ह्याच विषयाकडं होतं, मी केलं, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींनी केलं, कारण वाटतं मी इथं कम्प्युटर शिकायला आले, मग हे सेट, रिलेशन, ट्रुथ टेबल (खरं-खोट्याचा तक्ता) कशाला. तुला बागेतलंच सांगते, डावणी आणि भुरी या द्राक्षावरच्या दोन रोगांचं. पप्पा म्हणाले की 'बागेत डावणी किंवा भुरी असं काही नाही', तर त्याचा अर्थ डावणी नाही आणि भुरीही नाही. नकार आत गेला की 'किंवा'चं 'आणि' झालं. हाच डी मॉर्गनचा नियम. डिस्क्रीट मॅथ्समध्ये तो ट्रुथ टेबलनं सिद्ध करायचा असतो, सीमध्ये इफची लांबलचक अट सोपी करायला तोच लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक्स असेल तर लॅबमध्ये ब्रेडबोर्डवर ७४०० नंबरची नँड गेटची आयसी (चिप) लावून तोच एलईडीवर दिसतो. तीन विषयांच्या तीन वह्यांमध्ये एकच गोष्ट आहे आणि हे कुणी मुद्दाम सांगत नाही, म्हणून मुलं ती तीनदा पाठ करतात. तू जिथं असं काही जुळताना दिसेल तिथं वहीत बाण काढ.

ग्राफ थिअरी तर तुला आवडेलच. १७३६ मध्ये ऑयलर यांनी कोनिग्सबर्ग शहरातले सात पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येतं का हा प्रश्न सोडवला, उत्तर 'नाही' निघालं, आणि तिथून हा विषय सुरू झाला. तुझ्या रोजच्या प्रवासाचा पण ग्राफ होतो, गाव, पिंपळगाव, ओझर, आडगाव नाका, निमाणी, सीबीएस (मध्यवर्ती बस स्थानक) हे बिंदू, मधले रस्ते म्हणजे रेषा, प्रत्येक रेषेवर मिनिटं लिही. निमाणीला उतरून सिटीलिंकची शहर बस पकडायची की सीबीएसपर्यंत जाऊन पकडायची, कुठला रस्ता कमी वेळाचा, हे शोधायची पद्धत डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये छापली. पहिल्या वर्षी तिचा प्रोग्राम नाही जमला तरी चालेल, कागदावर पेन्सिलनं मात्र करून बघ. रोज अर्धा तास गणित, रविवारीसुद्धा, आणि ते उदाहरणं सोडवून, नुसतं वाचून नाही.

वेळेचं गणित तुझं वेगळं आहे, म्हणून दुसऱ्याचं टाइमटेबल उचलू नकोस. सकाळी बसायला जागा मिळत असेल तर कालचं लेक्चर वाच किंवा स्पोकन ट्युटोरियल ऐक, संध्याकाळी येताना काहीच करू नकोस, खिडकीला डोकं टेकून झोप, अंग दमलेलं असतं. घरी गेल्यावर स्वयंपाक, पाहुणे, लाइट या सगळ्यात दोन तास निघतीलच याची खात्री नसते, त्यामुळं खरा अभ्यास कॉलेजातच उरकायचा. लेक्चर संपल्यावर लगेच बस गाठायच्या ऐवजी पुढची बस धर आणि मधला दीड तास लॅब किंवा लायब्ररीत बस. त्यासाठी लॅबच्या मॅडमशी, असिस्टंट दादांशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घे, मशीन रिकामं असलं तर ते बसू देतात. घरी मात्र हे आधीच बोलून ठेव, नाहीतर आई रोज काळजी करेल. आणि बारावीपर्यंतचा मुलींचा फुकट पास आता संपला, विद्यार्थ्यांचा सवलतीचा मासिक पास काढ, त्यासाठी कॉलेजचं बोनाफाईड लागतं, ते ॲडमिशनच्या गर्दीतच मागून घे.

वर्षाचं कॅलेंडर पण बागेला लावूनच आख. ऑक्टोबरची छाटणी आणि त्यानंतरचं डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी हे सगळं पहिल्या सेमिस्टरच्या सबमिशन-परीक्षेच्या तोंडावर येणार. फेब्रुवारी-मार्चला खुडणी आणि एप्रिलला खरड छाटणी म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरचा शेवट. दोन्ही वेळा तू बागेत असणार हे आत्ताच माहीत आहे ना, मग तेव्हा रात्री जागून करू असं ठरवूच नकोस. सप्टेंबर संपायच्या आत जर्नल सह्यांसकट पूर्ण, दुसऱ्या सेमिस्टरला जानेवारी संपायच्या आत निम्मा पोर्शन. पप्पांना परीक्षेच्या तारखा लागल्या की लगेच दाखव आणि सांग की हे पंधरा दिवस मी बागेत येणार नाही, बाकी येईन. तारीख डोळ्यासमोर असली की घरचे ऐकतात, ऐनवेळी सांगितलं की वाद होतात. हजेरीचं पण बघ, साधारण ७५ टक्क्यांची अट असते, खुडणीच्या दिवसांत ती घसरते, म्हणून आधीच्या महिन्यांत एकही लेक्चर बुडवू नकोस.

लॅपटॉपचं सांगते, पतसंस्थेचं कर्ज आत्ता नको. सीला आणि डेटाबेसला पंचाहत्तर हजारांचं मशीन लागत नाही. पहिलं सेमिस्टर लॅबच्या मशीनवर निघतं, घरी अधूनमधून मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ऑनलाइन कंपायलर चालतो, छोट्या प्रोग्रामला पुरतो. खुडणीचे पैसे हातात आले की मग घ्या, कमीत कमी ८ जीबी रॅम, जमलं तर १६, एसएसडी हवीच, आणि गेमचं महागडं ग्राफिक्स कार्ड नको. वॉरंटीसकट चांगला जुना मिळाला तर तोही चालेल, पण बॅटरी बघून घ्या, गावात लाइटचा भरवसा नसतो. पप्पांना हे तू सांग, मुलगीच नको म्हणाली की त्यांनाही हलकं वाटेल.

क्लासचे चाळीस हजार तर अजिबात भरू नकोस. दुसऱ्या वर्षानंतर एखाद्या ठराविक विषयात अडलीस आणि तेव्हा योग्य माणूस भेटला तर बघू.

महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा फॉर्म मात्र सुटल्या सुटल्या भर, उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईल तलाठी-सेतूच्या चकरांमध्ये आठवडे खातात, आणि बँक खातं आधारला जोडलेलं नसलं तर मंजूर झालेले पैसेपण अडकतात.

काकांचा एआयचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि आमच्या कामाची पद्धत खरंच बदलली, मी रोज असली साधनं वापरते. पण ते जे लिहून देतं त्यात चूक कुठं आहे हे ओळखायला मला सी आणि डेटाबेस आलेलंच लागतं, कारण चुकीचं उत्तरही ते तितक्याच आत्मविश्वासानं देतं. तुझ्यासाठी नियम असा ठेव, पहिल्या सेमिस्टरला त्याच्याकडून एकही प्रोग्राम लिहून घ्यायचा नाही. वीस मिनिटं स्वतः झगडूनही एरर सुटली नाही तर ती त्याला दाखवून 'ही का आली ते समजावून सांग, कोड देऊ नकोस' असं मराठीतच विचार, कळतं त्याला. ओरलला सर तुझ्याच प्रोग्राममधली एक ओळ खोडून विचारतात की आता काय होईल, तेव्हा शेजारी कुणी नसतं.

मार्कांचं पण हलक्यात घेऊ नकोस. पहिल्या वर्षाचे मार्क शेवटच्या सीजीपीएत जातात, आणि पुढं टीसीएस, विप्रोसारख्या कंपन्या बीएस्सीच्या मुलांना घेतात तेव्हा मार्कांची अट असते, म्हणून एटीकेटी लागू द्यायची नाही. गिट (कोडमधले बदल जपून ठेवायचं साधन), पायथन, वेबसाइट हे सगळं पहिल्या वर्षाची परीक्षा संपल्यावर मे-जूनमध्ये, तेव्हा खरड छाटणी पण उरकलेली असेल आणि तुझ्याकडं दाखवायला एक खराखुरा प्रोग्रामही असेल.

आत्ता कॉलेज सुरू व्हायच्या आधी एकच काम कर. आज संध्याकाळी पप्पांची मागच्या सीझनची वही माग आणि त्यातली एक आठवड्याची पानं समोर घेऊन बस, प्रत्येक ओळीत काय काय लिहिलंय ते मोज, कुठली गोष्ट आकडा आहे, कुठली नाव, कुठली तारीख, आणि कुठं पप्पांनी मनातच धरून लिहिलेलंच नाही. तो कागद तसाच जपून ठेव, लॅबमध्ये पहिल्या दिवशी घेऊन जा. ऑक्टोबरची छाटणी झाली की मला परत लिही, बेरीज जुळली का ते कळव, आणि वहीतली कुठली बाकी सापडली तर तीही सांग.